चिठ्ठीवरचा रिकामा रकाना

रक्त तपासायला येतं तेव्हा सोबत एक चिठ्ठी येते. नाव, वय, वॉर्ड, हव्या असलेल्या तपासण्या आणि अगदी खाली एक रकाना: रुग्णाची थोडक्यात माहिती. माझी नोकरीची सगळी वर्षं प्रयोगशाळेत गेली. आधी पूर्व विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, मग शहरातल्या मोठ्या रुग्णालयात. दोन्हीकडे हा रकाना मी बहुतेक वेळा कोराच पाहिला. फार तर ‘ताप’, नाहीतर ‘अशक्तपणा’. लिहिणाऱ्याला वेळ नसतो हे मला मान्य आहे. ओपीडीबाहेर रांग लागलेली असताना कोण किती लिहिणार? पण त्या कोऱ्या जागेतून काय काय घडतं हे रक्ताच्या बाजूला बसलेल्या माणसाला जास्त दिसतं, म्हणून हे लिहिते आहे.

यंत्राला रुग्ण ठाऊक नसतो. त्याला नळीतला द्राव कळतो, आणि तो एका साधारण प्रौढ माणसाचा आहे असं धरून ते आकडा देतं. रिपोर्टवर आकड्याशेजारी जी ‘नॉर्मल रेंज’ छापलेली असते, तीही बहुधा निरोगी प्रौढांच्या रक्तावरून ठरवलेली असते. अशी रेंज ठरवायला एका गटातल्या किमान १२० निरोगी माणसांचे नमुने घ्यावेत, असा प्रयोगशाळांमध्ये मानला गेलेला दंडक आहे. आता सातव्या महिन्यात जन्मलेली १२० निरोगी बाळं कुठून आणायची? डायलिसिसवरच्या माणसांत निरोगी कोणाला म्हणायचं? ज्यांच्या तपासण्या सगळ्यात जास्त वेळा होतात, त्यांच्यासाठीच ती छापील रेंज सगळ्यात कमी कामाची असते. डीएमएलटीच्या अभ्यासक्रमात हे एका ओळीत येऊन गेलं होतं. त्याचा अर्थ नोकरीत कळत गेला.

माझी सुरुवात सिकलसेलच्या प्रदेशात झाली. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर हा सगळा पट्टा, आणि तिकडे नंदुरबारची बाजू, इथे हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. १९५७ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका दाखवून दिला. त्या एका बदलामुळे ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेनं तळमळतो. एका पालकाकडून हा दोष आला तर माणूस वाहक, दोघांकडून आला तर रुग्ण. कागदावर आम्ही ‘एएस’ आणि ‘एसएस’ लिहितो.

गावागावांतल्या शिबिरांत आमचं हत्यार म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट. नळीत द्रावण घ्यायचं, त्यात रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड धरायचं. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्राव गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त, सोपी आणि उपयोगाची चाचणी. मात्र तिला दोन माणसं नीट दिसत नाहीत. एक, सहा महिन्यांच्या आतलं बाळ, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं. दोन, ज्याचं हिमोग्लोबिन फारच खाली गेलंय असा माणूस. त्या एवढ्याशा हिमोग्लोबिनमुळे द्राव गढूळच होत नाही. म्हणजे जे सगळ्यात लहान आणि जे सगळ्यात आजारी, नेमके तेच ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी जायचे. शिबिरात आम्ही अशांची नावं वेगळी लिहून ठेवायला लागलो, आणि त्यांचा नमुना थेट इलेक्ट्रोफोरेसिसला किंवा एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीला, जायला लागला. २०२३च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठरलं, पट्टीवरच्या झटपट चाचण्या आल्या. कामाला वेग आला, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही एक प्रश्न कुठलीच पट्टी स्वतःहून विचारत नाही.

तो प्रश्न मला एका मुलीमुळे पक्का कळला. पाच-सहा वर्षांची असेल. चिठ्ठीवर ‘एचबी व्हेरिअंट’ एवढंच लिहिलेलं. एचपीएलसीच्या ग्राफमध्ये ‘ए’, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, निम्म्याहून थोडं जास्त, सिकलचं ‘एस’ चाळीस टक्क्यांच्या आत. आकडे सरळ वाहकाचे. ‘सिकलसेल वाहक’ असं लिहून रिपोर्ट सहीला गेला असता तर कुणीही हरकत घेतली नसती. पण तिची स्लाइड मी आधीच पाहिली होती आणि तीत विळ्यासारख्या पेशी होत्या. शिवाय केंद्रक असलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, ज्या एरवी अस्थिमज्जेतून बाहेर यायलाच नकोत. साध्या वाहकाच्या स्लाइडवर असं दिसत नाही. मी ग्राफ हातात घेऊन ओपीडीकडे गेले. आई व्हरांड्यात बसली होती. मुलगी तिच्या मांडीवर झोपलेली.

“ताई, हिला रक्त लावलं होतं का कधी?”

“लावलं ना मॅडम. मागच्या महिन्यात दोनदा बाटली लावली. तिकडच्या दवाखान्यात.”

ग्राफमधलं ‘ए’ त्या मुलीचं नव्हतंच, कुणा रक्तदात्याचं होतं. दिलेल्या रक्तातल्या पेशी शरीरात तीन-चार महिने राहतात आणि तोवर तपासणीत दोन माणसांचं रक्त एकत्र दिसत राहतं. आम्ही त्या रिपोर्टवर निदान न देता ‘अलीकडे रक्त दिलेले आहे, आई-वडिलांची तपासणी करावी, तीन महिन्यांनी पुन्हा नमुना पाठवावा’ असं लिहिलं. आई-वडील दोघंही वाहक निघाले. मुलगी एसएस होती. वाहक ठरली असती तर तिला हायड्रॉक्सीयुरिया मिळालं नसतं, न्यूमोनियाच्या लसीकडे कुणी लक्ष दिलं नसतं, आणि रात्री पाय दुखतात म्हणून रडली की वाढीचं दुखणं म्हणून तिला तेल लावून झोपवलं असतं.

झटपट पट्टीही अशा मुलीला वाहकच ठरवते. ‘रक्त दिलंय का आणि कधी’ हे चार शब्द चिठ्ठीवर असले की पुढचं सगळं बदलतं.

याच पट्ट्यातला दुसरा प्रसंग चाळिशीतल्या एका शेतकऱ्याचा. मधुमेह होता आणि बरीच वर्षं गोळ्या चालू होत्या. उपाशीपोटीची साखर दोनशेच्या पुढे, पण एचबीए-वन-सी, म्हणजे लोक ज्याला तीन महिन्यांची साखर म्हणतात ती, पाचच्याही खाली. तीन महिन्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा अशी सगळ्यांची सवय असते, त्यामुळे त्याला आदल्या दिवशी काय खाल्लं यावरून दोनदा बोलणी बसली होती. या तपासणीचं गृहीतच असं आहे की तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यावर साखर चढत जाते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी दोन-तीन आठवड्यांतच मरते. तिच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही. तोच नमुना एचपीएलसीवर लावला तर ‘ए’ची जागा रिकामी. होतं ते ‘एस’ आणि बरंचसं ‘एफ’, म्हणजे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन. ज्या हिमोग्लोबिनवरची साखर मोजायची, ते या माणसात जवळजवळ नव्हतंच. आपल्याकडच्या सिकलसेलच्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बरंच टिकून राहतं. त्यामुळे आजार तुलनेनं सौम्य राहतो आणि माणसं सांधेदुखी समजून अर्धं आयुष्य काढतात. हा त्यांच्यातलाच. डॉक्टरांशी बोलणं झालं, पुढे त्याची साखर फ्रुक्टोसामाइनवर आणि घरच्या मोजणीवर पाहायला लागले. त्याला स्वतःला निदानाचं दुःख झालं, पण आपण खोटं बोलत नव्हतो हे सिद्ध झाल्याचं समाधान जास्त दिसलं.

खराब नमुना परत पाठवणं हा आमच्या कामाचा रोजचा भाग. त्यातलं पहिलं कारण हिमोलिसिस. सुई बारीक, सिरिंज जोरात ओढली, नळी हलवली, की पेशी फुटतात, सीरम लाल होतं आणि पोटॅशियम, एलडीएच वगैरे आकडे खोटे वाढतात. ‘सॅम्पल हिमोलाइज्ड, रिपीट’ असा शिक्का मारून आम्ही मोकळे होतो, आणि तो नियम बरोबरच आहे. पण पावसाळ्यात घोणस चावलेली माणसं यायची. त्यांचं रक्त गोठायचं नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवून पाहायचं आणि मग तिरकी करायची. आत तसंच पातळ रक्त असेल तर विषानं गोठण्याची क्रिया मोडली आहे. नळी काचेचीच हवी आणि तिला साबणाचा अंशही नको, नाहीतर उत्तर चुकतं. अशाच एका माणसाचा नमुना लाल आला म्हणून परत गेला. दुसराही लाल. तिसऱ्या वेळी मी स्वतः वॉर्डात गेले, चांगली शीर पाहून सावकाश रक्त घेतलं, तरी सीरम लालच. पलंगाखालच्या भांड्यातली लघवी काळपट तपकिरी होती. पेशी सुईत फुटत नव्हत्या, माणसाच्या अंगात फुटत होत्या. असा नमुना परत पाठवणं म्हणजे रुग्णाचं लक्षणच परत पाठवणं.

जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या माणसातही एखाद्या औषधानंतर हेच घडतं. तिथे आणखी एक फसगत आहे. हल्ला होऊन जुन्या पेशी फुटून गेल्यावर लगेच तपासणी केली तर उरलेल्या तरुण पेशींत विकर पुरेसं असतं आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. तीही तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. पण डिस्चार्ज झालेला माणूस तीन महिन्यांनी तपासणीसाठी साठ किलोमीटर येत नाही. अशी किती निदानं राहून गेली असतील याचा विचार मला अजून छळतो.

शहरात आल्यावर नवजात अतिदक्षता विभागाचे नमुने हातात आले. त्यानं माझी काम करण्याची पद्धतच बदलली.

एक किलोच्या, दिवस न भरलेल्या बाळाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम नव्वद-शंभर मिली रक्त असतं. मोठ्या माणसाकडून आपण सहज पाच मिली काढतो. या बाळाकडून पाच मिली म्हणजे त्याच्या रक्ताचा विसावा हिस्सा. रोज थोडं थोडं काढूनच ही बाळं पांढरी पडतात आणि मग त्यांना रक्त द्यावं लागतं. शिवाय बाळाचं रक्त दाट. निम्म्याहून अधिक भाग पेशींचाच, त्यामुळे एक मिली रक्त फिरवलं तरी वर सीरम येतं पाव ते अर्धा मिली. त्यात बिलिरुबिन, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, सीआरपी, सगळंच हवं असतं. बऱ्याच यंत्रांना नळीच्या तळाशी राहणारा थोडा भाग उचलताच येत नाही. एवढुशा नमुन्यात ते वाया जाणारं थेंबभरसुद्धा मोजावं लागतं.

टाचेतून रक्त घेणं हे कौशल्याचं काम आहे. टाचेच्या मधोमध टोचायचं नाही, तिथे हाड जवळ असतं. कडेच्या बाजूला टोचायचं. टाच आधी ऊबदार करून घ्यायची. पहिला थेंब पुसून टाकायचा. दाबून पिळायचं नाही. पिळलं की पेशी फुटतात आणि ऊतींतलं पाणी मिसळतं. बिलिरुबिनची नळी उजेडात ठेवायची नाही, उजेडात ते विघटित होतं आणि काविळीचा आकडा खोटाच कमी दिसतो. ज्या उजेडानं बाळाची कावीळ उतरवतात, तोच नळीत आकडा बिघडवतो. रक्त घेताना दिवा बंद करायचा आणि नळी कागदात गुंडाळायची, हे प्रत्येक नव्या सिस्टरला सांगावं लागतं.

एका रात्री अशाच एका बाळाचं पोटॅशियम नवाच्या आसपास आलं. त्या आकड्याला हृदय थांबू शकतं. कॅल्शियम त्याच वेळी पाचच्याही खाली, आणि अल्कलाइन फॉस्फटेज जवळपास शून्य. पोटॅशियम एकटं वाढलं असतं तर मी टाच पिळल्याचा संशय घेतला असता. पण ही तीन एकत्र म्हणजे जांभळ्या बुचाच्या नळीतलं, रक्त गोठू न देणारं ईडीटीए लाल बुचाच्या नळीत गेलेलं असणार. त्यात पोटॅशियम असतंच आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. मी फोन केला. मॉनिटरवर बाळाचे ठोके नीट होते, तरी निवासी डॉक्टर उपचार चालू करण्याच्या तयारीत होते. सिस्टरनं सरळ सांगितलं की लाल नळीत रक्त कमी आलं होतं, बाळाला पुन्हा टोचवेना, म्हणून जांभळ्या नळीतलं थोडं तिच्यात ओतलं.

तिच्यावर रागावण्यासारखं काहीच नव्हतं. तिनं ते मायेपोटी केलं होतं. मायेला माहिती पुरवणं आमचं काम होतं आणि ते आजवर कुणी केलं नव्हतं. नंतर आम्ही आणि त्या विभागाच्या सिस्टर्स एकत्र बसलो, कुठल्या तपासणीला खरोखर किती थेंब लागतात ते यंत्रावर करून पाहिलं आणि तक्ता तयार केला. रक्त कमी पडलं तर आधी काय करायचं आणि काय सोडायचं, हा क्रम डॉक्टरांनी चिठ्ठीवरच आकडे घालून द्यायचा, असं ठरलं. एका तपासणीसाठी दुसरी सोडावी लागते हे मान्य करायला मोठ्या रुग्णालयात फार वेळ लागतो.

गरोदर स्त्रीचं रक्त हा तर सगळ्यात जास्त गैरसमज होणारा नमुना, आणि तो रोज येतो. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. अकराच्या खाली गेलं तर पंडुरोग समजायचा. पांढऱ्या पेशी वाढतात, कळा सुरू झाल्या की आणखी वाढतात. ईएसआर वाढतो. वार स्वतःच अल्कलाइन फॉस्फटेज तयार करते, त्यामुळे शेवटच्या महिन्यांत यकृताचा रिपोर्ट पाहून नातेवाईक घाबरतात. पहिल्या तिमाहीत टीएसएच खाली येतं. हे सगळे आकडे रिपोर्टवर ठळक छापले जातात, आणि त्यांतले बरेचसे त्या बाईसाठी ठीक असतात.

खरी भीती उलट बाजूला आहे. किडनीचं काम गरोदरपणात वाढतं, म्हणून क्रिएटिनिन खाली जातं, बहुधा ०.४ ते ०.८च्या दरम्यान. आठव्या महिन्यातल्या एका बाईचं क्रिएटिनिन १.१ आलं. छापील रेंजमध्ये बसणारं, म्हणून यंत्रानं कुठलीही खूण केली नाही. प्लेटलेट्स नव्वद हजार होत्या, त्यांच्यापुढे खूण होती. प्लेटलेट्सच्या बाबतीत आमची पहिली शंका वेगळी असते. काही लोकांच्या प्लेटलेट्स ईडीटीएमुळे नळीत गुठळ्या करतात आणि यंत्र त्यांना मोजत नाही. म्हणून मी स्लाइड पाहिली. गुठळ्या नव्हत्या. प्लेटलेट्स खरोखरच कमी होत्या आणि तुटक्या तांबड्या पेशीही दिसत होत्या. मग एसजीओटी आणि एलडीएच पाहिलं, दोन्ही चढलेले. चिठ्ठीवर ‘एएनसी रूटीन’, म्हणजे गरोदरपणातली नेहमीची तपासणी, एवढंच लिहिलेलं. लेबर रूमला फोन केला तेव्हा कळलं की तिला सकाळपासून पोटाच्या वरच्या भागात दुखत होतं आणि ॲसिडिटीची गोळी दिली होती. रक्तदाब पुन्हा घेतला तर चढलेला निघाला. त्या रात्रीच तिला प्रसूतीसाठी घेतलं. आई आणि बाळ दोघंही वाचले. एरवी मी कुठल्याच रुग्णाचं श्रेय स्वतःकडे घेत नाही, ते डॉक्टरांचं आणि सिस्टर्सचं असतं. पण ज्या आकड्याला खूण नाही त्याकडेही पाहायचं, ही सवय मला त्या रात्रीपासून लागली, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी ती लावली.

रक्ताच्या कर्करोगाचे नमुने घेताना तर ज्ञात नियमही उलटतात. पांढऱ्या पेशी लाखांच्या घरात असल्या की त्या नाजूक पेशी नळीतही फुटतात. अशा एका आजोबांचं पोटॅशियम सातच्या वर होतं आणि ईसीजी स्वच्छ. एरवी पोटॅशियमचा संशय आला की आम्ही गुठळी न होऊ देता हेपॅरिनच्या नळीत घ्यायला सांगतो. यांच्या बाबतीत हेपॅरिनच्या नळीत आकडा आणखी चढला. शेवटी मी सिरिंज हातात घेऊन, न हलवता, चालत ब्लड गॅसच्या यंत्रापर्यंत गेले आणि लगेच लावलं. ४.२. नळ्या वाहून नेणाऱ्या हवेच्या पाइपमधून असा नमुना पाठवायचाच नाही, हा नियम आमच्याकडे त्यानंतर लिहिला गेला. या पेशी नळीतली साखरही खाऊन टाकतात. साखर तीसवर आलेली आणि आजोबा पेपर वाचत बसलेले, असं झालं की आधी नमुना किती वेळ पडून होता ते विचारायचं.

केमो चालू असलेल्या मुलांचं आणखी वेगळं. त्यांच्या शिरा कडक झालेल्या असतात आणि प्लेटलेट्स दहा हजारांवर आलेल्या. टोचल्यावर कापूस नुसता लावून भागत नाही, पाच मिनिटं दाबून धरावं लागतं, नाहीतर हात काळानिळा होतो. ती पाच मिनिटं मी दुसऱ्या कुणाला देत नसे. मुलं त्या वेळात बोलतात. कुठली शीर ‘चालू’ आहे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, आणि त्यांचं ऐकावं. एका मुलानं डाव्या मनगटाजवळची शीर दाखवली होती, मी ती कधीच निवडली नसती. पहिल्याच प्रयत्नात रक्त आलं.

डायलिसिसवरच्या लोकांबद्दल थोडक्यात सांगते. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर जोडून घेतलेल्या, हातावर टोचायचं नाही, पट्टाही बांधायचा नाही. तो हात त्यांचं आयुष्य आहे. नमुना डायलिसिसच्या आधीचा की नंतरचा, हे चिठ्ठीवर नसेल तर युरिया आणि पोटॅशियम यांना काही अर्थ उरत नाही. ट्रोपोनिन यांच्यात एरवीही वाढलेलं असू शकतं, म्हणून एका आकड्यावर हार्ट अटॅक ठरवता येत नाही. काही तासांनी पुन्हा करून तो चढतो आहे का ते पाहावं लागतं. यासाठी मागचे आकडे हवेत. खरं तर अशा प्रत्येक रुग्णाची खरी रेंज म्हणजे त्याचे स्वतःचे मागचे आकडे.

एक अडचण मात्र ज्ञानाची नाही, पायरीची आहे. टेक्निशियननं डॉक्टरांना फोन करून ‘हा आकडा मला पटत नाही’ म्हणणं अनेकांना आवडत नाही. सुरुवातीला मी फोनवर बरंच ऐकून घेतलं आहे. ‘तुम्ही रिपोर्ट द्या, अर्थ आम्ही लावतो’ हे वाक्य तर पाठ झालं होतं. माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम. त्यांनी फोन करण्याचं काम माझ्याकडेच ठेवलं आणि रिपोर्टखाली शेऱ्याची ओळ लिहायला शिकवलं. निदान लिहायचं नाही, दोष काढायचा नाही. काय दिसलं आणि काय पुन्हा पाहावं एवढंच. हळूहळू वॉर्डातून उलटे फोन यायला लागले. तरुण निवासी डॉक्टर नमुना पाठवण्याआधी विचारतात, कुठल्या नळीत घेऊ, किती वेळात पोहोचवू. हा बदल मी डोळ्यांनी पाहिला, म्हणून तो होऊ शकतो असं मी ठामपणे म्हणते.

संगणक आल्यावर चिठ्ठीचा तो रकाना सक्तीचा केला गेला. मोकळा ठेवला तर पुढची खिडकी उघडत नाही. लोक तिथे एक टिंब टाइप करतात आणि पुढे जातात. सक्तीनं माहिती येत नाही. म्हणून रक्त घेण्याच्या खोलीत आम्ही चार प्रश्न तोंडीच विचारायला लागलो: रक्त लावलंय का, गरोदर आहात का, डायलिसिस चालू आहे का, कुठल्या मोठ्या आजाराची औषधं चालू आहेत का. बहुतेक माणसं आनंदानं सांगतात. त्यांना वाटत असतं की दवाखान्यात हे सगळ्यांना आधीच माहीत असेल.

सगळ्यात लहान बाळांच्या रेंजचा प्रश्न आजही सुटलेला नाही. कॅनडात ‘कॅलिपर’ नावाच्या प्रकल्पात निरोगी मुलांचे नमुने गोळा करून वयानुसार तक्ते केले गेले, त्यांचा मोठा उपयोग होतो. पण किलोच्या आतल्या बाळासाठी तेही पुरत नाहीत. तिथे आम्ही मोठ्यांची रेंज छापणं बंद केलं. त्या जागी ‘या वयासाठी संदर्भमूल्य उपलब्ध नाही’ असं लिहितो आणि बाळाचे आधीचे तीन आकडे तारखेसह खाली देतो. पहिले काही महिने त्यावर तक्रारी आल्या, रिपोर्ट अपुरा दिसतो म्हणून. आता बालरोग विभागाचे सर ते तीन आकडे आले नाहीत तर रिपोर्ट परत पाठवतात.